पाण्यात तोंड घालण्याआधी

देवनारच्या माणसाला समुद्र लांबचा वाटतो. नकाशात मात्र तो घरामागेच आहे. एका अंगाला टाटा समाजविज्ञान संस्था आणि लोकसंख्या विज्ञान संस्था, दुसऱ्या अंगाला १९७१पासूनचा महापालिकेचा कत्तलखाना, त्यापलीकडे १९२७पासून मुंबईचा कचरा पोटात घेत आलेलं डम्पिंग ग्राउंड. ते संपतं तिथे तिवरं, तिवरांपुढे चिखल आणि चिखलापुढे ठाण्याची खाडी. जानेवारी २०१६मध्ये त्या कचऱ्याला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाने टिपलेल्या छायाचित्रांतही दिसला होता, त्यामुळे देवनार म्हटलं की बाहेरच्यांना तेवढंच आठवतं. त्याच खाडीत २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२मध्ये ते रामसर स्थळांच्या यादीत गेलं, हे फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही.

पक्षी दिसतात, पाण्यातलं मात्र काहीच दिसत नाही. खाडीचं पाणी कटिंग चहाच्या रंगाचं. उधाणाच्या दिवशी मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो. एवढं पाणी दिवसातून दोनदा खाडीत शिरतं आणि दोनदा निघतं, तळाचा गाळ ढवळत. वर शहराचं सांडपाणी आहेच. त्यामुळे देवनार-चेंबूर-मानखुर्दच्या माणसाला मासा ठाऊक असतो तो बर्फावरचा. कल्ला उचलून ताजा की शिळा हे तो क्षणात सांगेल, पण जिवंत मासा पोहताना कसा दिसतो हे त्याने टीव्हीवरच पाहिलेलं असतं.

जिवंत मासा बघायची ही भूक आता शुक्रवारी रात्री चेंबूरच्या मैत्री पार्कला बघायला मिळते. कोकणात जाणाऱ्या खाजगी बसगाड्यांचा हा जुना थांबा. पूर्वी इथे ट्रंका, आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणि गावच्या घरासाठी घेतलेले पंखे दिसत. ते आजही दिसतात. पण त्यांच्या जोडीला आता मोबाइल गळ्यात टांगायची प्लास्टिकची जलरोधक पिशवी घेतलेली पोरं असतात, आणि त्यांच्यामागे ‘आम्ही नुसतं बघू’ म्हणत आलेले आईवडील. ही मंडळी मालवणला निघालेली असतात. गावाला नाही, ‘स्कूबाला’. त्यातल्या बहुतेकांना पाठीवर हवेची टाकी लावून खाली जायचं नसतं. त्यांना हवं असतं ते स्नॉर्कलिंग, म्हणजे डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, अंगात तरंगतं जॅकेट आणि तोंड पाण्यात. हे वेगळं आणि ते वेगळं, हा फरक मालवणच्या जेटीवरच्या पाटीवर असतो. गिऱ्हाइकाच्या डोक्यात नसतो.

परदेशी क्रूझच्या जाहिरातीत हाच प्रकार वेगळ्या थाटात येतो. पांढरं जहाज, निळी खाडी, बेटाजवळ नेणारी छोटी होडी, मग दोन तास पाण्यात. कॅरिबियन समुद्रातली ती सहल देवनारच्या घरात यायला वेळ लागला. आली ती दोन वाटांनी. एक मालवणची, स्वस्त आणि गर्दीची. दुसरी बॅलार्ड पिअरवरून सुटणाऱ्या जहाजाची. दोन्ही वाटांवर गेलेल्या लोकांशी बोलल्यावर आणि मालवणच्या होडीत स्वतः बसल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे: या सहलीचं बरं-वाईट पाण्यात ठरत नाही, होडीवरच्या पहिल्या दहा मिनिटांत ठरतं.

ती दहा मिनिटं मालवणात अशी जातात. होडी धक्क्यावरून निघते, सिंधुदुर्ग डावी-उजवीकडे सरकत मोठा होत जातो, आणि किल्ल्याच्या आसपास खडपांजवळ खलाशी नांगर टाकतो. पाणी दोन-तीन वाव. बाजूला अशाच आणखी होड्या. गाईड साधारण पंचविशीतला, उन्हाने रापलेला, बोलणं मालवणी. एकेकाला बाकावर बसवून तो मास्क चढवतो. मास्कमध्ये नाकही झाकलं जातं, म्हणून श्वास तोंडानेच घ्यायचा. पण ही गोष्ट शरीराला पटत नाही. माणूस घाबरला की आधी नाकाने ओढतो, मास्क गालांना चिकटतो, आणि तो आणखी घाबरतो. “तोंडान श्वास घेवा, नाकान नाय,” हे वाक्य त्या होडीवर किती वेळा ऐकू येतं याचा हिशेब नको.

माझ्या शेजारी एक गृहस्थ होते, भरघोस मिशीवाले. त्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरायचं थांबेना. दोनदा पट्टा आवळून झाला. तिसऱ्यांदा गाईडने मास्क काढला, मिशीकडे बघितलं आणि डबीतलं व्हॅसलिन बोटावर घेऊन त्यांच्या वरच्या ओठावर फासलं. मास्कची रबरी कड कातडीला टेकली की हवाबंद होते. मधे केस आले की फट राहते आणि त्या फटीतून समुद्र आत येतो. व्हॅसलिनने ती फट बुजते. गृहस्थ ओशाळले खरे, पण पुढचा अर्धा तास त्यांचं डोकं पाण्यातून वर आलं नाही. त्याच होडीतल्या एका बाईंना मंगळसूत्र जॅकेटच्या आत घालायला आणि लोंबते कानातले पर्समध्ये ठेवायला सांगितलं गेलं. कुडता नि लेगिंग तसेच राहू द्या, गाईड म्हणाला, उन्हापासून पाठ वाचते. ओढणी मात्र बाकावर. काचेला वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळायची, हेही त्याने कुणाला किळस वाटायच्या आत करून टाकलं.

शेजारच्या होडीवर यातलं काहीच झालं नाही. जॅकेट अंगात, नळी तोंडात, आणि पाण्यात. मग आरडाओरडा, खोकला, होडीच्या कडेला लटकणं, कॅमेऱ्यासमोर अंगठा, आणि वर. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. पैसे दोन्ही होड्यांचे सारखेच.

नळीची गोष्ट दिसते तितकी साधी नाही. ती साधारण पस्तीस-चाळीस सेंटिमीटर लांब असते. जास्त लांब का नसते, असा प्रश्न मुलं हमखास विचारतात. पाण्याचा दाब दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा वाढतो. एक मीटर खाली गेलात तरी छातीवरचा दाब एवढा असतो की वरची हवा आत ओढायला फासळ्यांना ताकद पुरत नाही. शिवाय लांब नळीत सोडलेली हवाच परत आत येत राहते. म्हणून नळीने श्वास घ्यायचा तर पृष्ठभागावरच तरंगायचं. खाली जायचं असेल तर श्वास रोखायचा किंवा टाकी घ्यायची. ही कल्पना नवी नाही; पाण्यात उतरणाऱ्यांच्या श्वासाच्या साधनाची तुलना अॅरिस्टॉटलने हत्तीच्या सोंडेशी करून ठेवली आहे. आणि काचेतून बघताना सगळं सुमारे एक तृतीयांश मोठं नि एक चतुर्थांश जवळ दिसतं. वीतभर मासा बाहेर आल्यावर हातभर का होतो, याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं सांगणाऱ्याच्या स्वभावात.

मालवणच्या पाण्याखाली काय दिसतं? इथे अपेक्षा नीट करून जावं. जाहिरातीतली रंगीत बाग इथे नाही. लक्षद्वीपसारखी प्रवाळाची सलग भिंत कोकणात तयार होत नाही. नद्यांचा गाळ आहे, पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा आहे. प्रवाळ आहेत ते खडपांना चिकटून, ठिकठिकाणी, मातकट हिरवे, तपकिरी, कुठे पिवळसर. त्यांच्या अवतीभोवती काळ्या उभ्या पट्ट्यांचे छोटे मासे, पिवळी फुलपाखरी माशांची जोडी, कधी पोपटमासा. पोपटमाशाची चोच खडकावर घासल्याचा करकर आवाज पाण्यात ऐकू येतो. तो खडकावरचं शेवाळ खातो, सोबत प्रवाळाचा चुराही गिळतो, आणि तो चुरा रेती होऊन बाहेर टाकतो. लक्षद्वीपच्या पांढऱ्या पुळणीतला बराच वाटा या माशांच्या पोटातून आलेला आहे. हे सांगितल्यावर आमच्या होडीतल्या एका मुलाने पुळणीवर बसायला नकार दिला.

सिंधुदुर्ग शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर बांधला. जागा निवडली तेव्हा भोवतीची ही बुडालेली खडपं त्यात धरलेली होती. वाट ठाऊक नसलेलं गलबत त्यांवर आपटावं. शत्रूच्या नाळेला जे खडक नको होते तेच प्रवाळाला हवे होते. त्याला बसायला टणक जागा लागते आणि ऊन लागतं. १३ एप्रिल १९८७ रोजी किल्ल्याभोवतीचं सुमारे २९ चौरस किलोमीटर पाणी ‘मालवण सागरी अभयारण्य’ म्हणून जाहीर झालं. किल्ला आणि शेजारचा पद्मगड यांभोवतीचं तीन चौरस किलोमीटरच्या वरचं क्षेत्र गाभ्याचं.

कागदावर सोपं. मालवणात नव्हतं. किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणकर आणि छोट्या होडीचे मच्छीमार यांना विचारल्याशिवाय रेषा ओढल्या गेल्याची तक्रार तेव्हापासून आहे, आणि ती खोटी नाही. ज्या पाण्यात आजा-पणजाने जाळं टाकलं तिथे अचानक नियम आले. आणि दुसरीकडे मोठ्या यांत्रिक नौका, पर्ससीन जाळी किनाऱ्याजवळचा मासा ओढत राहिली. अभयारण्य म्हणजे गरिबावर बंदी, हा समज त्यातून घट्ट झाला. २०१०नंतरच्या दशकात संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्ग प्रकल्पातून आणि राज्याच्या कांदळवन कक्षाच्या पुढाकाराने वेगळा प्रयत्न झाला: लोकांना हटवण्यापेक्षा पाण्यातूनच दुसरी कमाई द्यायची. वेंगुर्ल्यात महिला बचत गटाने कांदळवनातली होडीची सफर सुरू केली. मालवण-तारकर्लीच्या पोरांना स्नॉर्कलिंग, स्कूबा शिकवलं गेलं. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था उभी राहिली. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांनी तिची घडी बसवली.

म्हणून माझ्या मिशीवाल्या सहप्रवाशाला व्हॅसलिन लावणारा तो गाईड मला महत्त्वाचा वाटतो. बाप रापणीला जायचा, याच्या कमाईत रापणीचा वाटा आता थोडा. मासे मारून मिळायचे त्यापेक्षा मासे दाखवून जास्त मिळतात, असं तो हसत म्हणाला. पण लगेच पुढे म्हणाला, “मासो ऱ्हवलो तर दाखवतलय ना.” या वाक्यावर मी भाष्य करणार नाही, फक्त एवढं सांगतो की त्याच दुपारी दोन होड्या पलीकडे एकजण माशांना पावाचे तुकडे टाकत होता. पाव टाकला की काळ्या पट्ट्यांचे मासे झुंडीने येतात, गिऱ्हाईक खूश होतं, व्हिडिओ भरून जातो. आणि शेवाळ खाऊन खडक स्वच्छ ठेवणाऱ्या माशांना फुकटच्या पावाची सवय लागते. गाईडला यातलं कळत नाही असं नाही. पाव टाकला नाही तर ‘मासेच दिसले नाहीत’ म्हणून भांडणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलेलं असतं. हे गिऱ्हाईक मैत्री पार्कवरून आलेलं असतं, म्हणजे आपणच.

आता दुसरी वाट, जहाजाची. मुंबईकराला जहाजाचा प्रवास नवा नाही. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटींनी कोकण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत आणलं. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावस्येला, रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली; कोकणातल्या जुन्या घरांत त्या बोटीचं नाव अजून दबक्या आवाजात घेतात. नंतर रस्ते आले, कोकण रेल्वे आली, बोटी बंद पडल्या. २०१८च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा क्रूझ सुरू झाली. जहाजाचं नाव ‘आंग्रिया’, कान्होजी आंग्रे यांच्यावरून. त्याच नावाचा एक बुडालेला पठारी प्रदेश, आंग्रिया बँक, विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आहे. तिथे वीस मीटर आणि त्याखाली प्रवाळांची वस्ती आहे. सामान्य पर्यटकाला तिथे पोचता येत नाही, आणि माझ्या मते येऊ नये. कोविडमध्ये ती क्रूझ थांबली. मग सप्टेंबर २०२१मध्ये ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून निघू लागलं: १९९०मध्ये फ्रान्समध्ये बांधलेलं, अमेरिकेच्या बाजूला बरीच वर्षं क्रूझ केलेलं, आता कॉर्डेलिया या भारतीय कंपनीचं. त्याच्या फेऱ्यांत लक्षद्वीप आलं. जानेवारी २०२४मध्ये पंतप्रधानांनी लक्षद्वीपच्या पाण्यात स्नॉर्कलिंग केल्याची छायाचित्रं टाकली, आणि चौकश्यांचा पूर आला.

देवनारच्या महापालिका वसाहतीजवळ राहणारं एक निवृत्त शिक्षक जोडपं अशाच फेरीला जाऊन आलं. नाव लिहू नका, भाचे चिडवतील, असं काकूंनी बजावलं आहे. त्यांच्या बोलण्यातला मोठा भाग जेवणाचा होता. जैन जेवण वेगळं, रात्री बाराला पिझ्झा, सकाळी पोहे ‘आपल्यासारखे नाहीत, पण होते’. बेटाचा भाग थोडा. कारण वेळच थोडा. मोठं जहाज लगूनमध्ये शिरू शकत नाही. प्रवाळाच्या भिंतीबाहेर खोल पाण्यात थांबतं. तिथून छोट्या होडीत उतरायचं. जहाजाच्या पोटातला दरवाजा उघडतो, खाली होडी वर-खाली होत असते, खलाशी दोन्ही दंड धरतो आणि ‘आता’ म्हणाला की पाऊल टाकायचं. काकांचं पाऊल एक लाट उशिरा पडलं आणि गुडघा आपटला. समुद्र जास्त उसळला तर उतरणंच रद्द होतं, आणि त्याचा निर्णय कप्तानाचा. त्यावर वाद घालून उपयोग नसतो. बेटावरच्या सहलीचे पैसे बहुधा वेगळे, परतीची वेळ घट्ट. म्हणजे दीड दिवस समुद्रातून जायचं, काही तास बेटावर, त्यातला तासभर पाण्यात.

त्या तासात काकांनी काहीच बघितलं नाही. ते पोहणारे, तरुणपणी चेंबूरच्या तलावात रोज जायचे. त्यामुळे त्यांनी गाईडचं ऐकलं नाही, जोरात हातपाय मारले, दहा मिनिटांत दमले, नळीत पाणी गेलं आणि होडीवर येऊन बसले. काकूंना पोहता येत नाही. त्या भीतीने जॅकेटवर नुसत्या पडून राहिल्या, गाईडने ओढत नेलं तिकडे गेल्या, आणि सगळं बघितलं. निळ्या ओठांचा मोठा शिंपला, दगडाखाली वळवळणारी समुद्रकाकडी, रेतीत लपलेला चपटा मासा. “ह्यांना पोहता येतं ना, म्हणून काही दिसलं नाही,” काकू म्हणाल्या. मला वाटतं स्नॉर्कलिंगवर याहून अचूक बोलणं अवघड आहे. हा पोहण्याचा खेळ नाही. अंग सैल सोडून, हालचाल कमीत कमी करून, दृष्टी खाली ठेवायची. जो हात मारतो त्याच्याभोवती रेती उडते, मासे पळतात आणि दम लागतो.

दम लागण्याकडे साठी ओलांडलेल्यांनी विशेष बघावं. हवाईत पर्यटकांच्या बुडण्याच्या घटनांमध्ये स्नॉर्कलिंग हे अग्रभागी आहे, आणि तिथल्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की सगळेच पाणी प्यायल्याने जात नाहीत. नळीतून ओढताना लागणारा जोर, वय, हृदयाचा आजार, यांतून काहींच्या फुप्फुसात आतूनच पाणी साचतं. माणूस धडपडतही नाही, मुकाट्याने थकतो. म्हणून दम कमी पडतोय असं वाटलं की पाठीवर उलटं व्हायचं, नळी काढायची, हात वर करायचा. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने हे गाईडला आधी सांगायचं, लाज कसली? संपूर्ण चेहरा झाकणारे नवे मास्क छान दिसतात, पण आत सोडलेली हवा साठण्याची शंका घेतली गेली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने साधी नळीच घ्यावी.

आपल्याकडची मोठी चिंता मात्र पाण्यात नाही, होडीत आहे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्नॉर्कलिंग-स्कूबाहून परतणारी वीस पर्यटकांची होडी किनाऱ्याजवळ उलटली. दोघांचा जीव गेला. हंगाम संपायला दिवस उरलेले, वारा फिरलेला, समुद्र उसळू लागलेला. मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलपर्यटन बंद ठेवण्याचा नियम उगाच नाही. आणि बंदीच्या आदल्या आठवड्यात ‘अजून चालू आहे’ म्हणून जाणं हा शहाणपणाही नाही. अंदमानात २६ जानेवारी २०१४ला पोर्ट ब्लेअरजवळ पर्यटकांनी भरलेली होडी बुडून वीसहून अधिक गेले. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची वेगवान बोट आदळली, पंधरा जण दगावले, त्यानंतर गेटवेवर जॅकेट सक्तीचं झालं. म्हणजे ‘रामदास’नंतर सत्त्याहत्तर वर्षांनी.

लक्षद्वीपच्या प्रवाळाची गोष्ट जहाजावर कुणी सांगत नाही. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात, तीच त्याला रंग आणि बरंचसं अन्न देतात. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने काही आठवडे तापलं की प्रवाळ त्यांना बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लवकर थंडावा आला तर जगतो, नाही तर मरतो आणि त्यावर शेवाळ चढतं. लक्षद्वीपला हा फटका १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४मध्ये बसला. अगत्ती, कदमत, कवरत्ती या बेटांवर नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी १९९८पासून ठेवलेल्या नोंदींत प्रवाळाचं आच्छादन चोवीस वर्षांत जवळपास निम्म्यावर आलेलं दिसतं. समुद्र तापतो यात होडीवरच्या पर्यटकाचा थेट हात फारसा नाही. पण तापाने अर्धमेल्या झालेल्या प्रवाळावर उभं राहून फोटो काढणं, हे पूर्णपणे त्याच्याच पायाचं काम. बोटभर वाढायला प्रवाळाला वर्षं लागतात; मोडायला एक टाच पुरते. वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळाला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला, जागा आहे. तुकडा पिशवीत घालून आणणं हा गुन्हा आहे, मग तो पुळणीवर पडलेला का असेना.

अंदमानात हॅवलॉक, आता स्वराज द्वीप म्हणतात त्या बेटावरच्या एलिफंट बीचवरही हेच. मराठी सहलींचा अंदमानचा कार्यक्रम ठरलेला: सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, संध्याकाळी ध्वनी-प्रकाश, दुसऱ्या दिवशी होडी आणि पाणी. अंदमानातल्याच नॉर्थ बेचं दृश्य जुन्या वीस रुपयांच्या नोटेमागे आपण वर्षानुवर्षं खिशात घेऊन हिंडलो. तिथल्या गर्दीच्या पट्ट्यात पाणी मालवणपेक्षा स्वच्छ, खडक मात्र माणसांच्या पायांनी झिजलेले.

आणि मुंबई? मुंबईच्या किनाऱ्यालाही प्रवाळ आहेत. सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी २०२०मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरच्या अठरा प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे बसवल्या. ज्या शहरात पाण्यात बोट दिसत नाही तिथे प्रवाळ हलवावे लागतात, हे वाचून अनेकांना चेष्टा वाटली होती. २०१७पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’चे प्रदीप पाताडे आणि त्यांचे सहकारी ओहोटीला खडकांवर लोकांना हिंडवतात. गिरगाव, जुहू, हाजीअली. मास्क नाही, नळी नाही. पायात पकड असलेले बूट, वाकायची तयारी आणि ओहोटीचं वेळापत्रक. खडकातल्या ओंजळभर पाण्यात समुद्रफूल, खेकडा, गोगलगाय, क्वचित छोटा ऑक्टोपस. माझा सल्ला असा की देवनारच्या घरातल्या मुलाला मालवणला नेण्याआधी अशा एका फेरीला न्यावं. बघायचं कसं हे तिथे कळतं, आणि मग मालवणच्या होडीत त्याला पाव टाकावा लागत नाही.

तरीही जाच. दिवाळी संपली की पाणी निवळायला लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मालवणचा सर्वांत बरा काळ, आणि सकाळची ओहोटी-भरतीमधली शांत वेळ दुपारच्या वाऱ्यापेक्षा चांगली. होडीवर बसण्याआधी तीन गोष्टी विचारा: होडीत किती माणसं घेणार, जॅकेट प्रत्येकाच्या मापाचं आहे का आणि गाईड पाण्यात आपल्यासोबत उतरणार का. तिन्हीची उत्तरं सरळ आली नाहीत तर पुढची होडी बघा; मालवणच्या जेटीवर होड्यांना तोटा नाही. अंगाला क्रीम चोपडण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा कपडा घाला. क्रीममधल्या काही रसायनांवर पलाऊने २०२०पासून आणि हवाईने २०२१पासून बंदी घातली आहे. आणि गाईडने मास्क लावायला, श्वास शिकवायला, मिशीला व्हॅसलिन चोळायला वेळ घेतला, तर ‘चला लवकर, व्हिडिओ काढा’ म्हणून त्याच्या मागे लागू नका. त्या दहा मिनिटांचे पैसे तुम्ही आधीच भरलेले आहेत.